आयुर्वेदाचे व्यावसायिक शिक्षण : पैसे भरण्याआधी काय तपासाल?

आयुर्वेद शिकू इच्छिणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात आणि त्यांतला गोंधळ जवळपास सारखाच असतो. "दहा वर्षे परिचारिका आहे. सहा महिन्यांचा पंचकर्म डिप्लोमा केला तर स्वतःचे केंद्र काढता येईल का?" "बीडीएस झाले आहे. आयुर्वेदाची औषधे लिहून देता येतील असा एखादा छोटा कोर्स आहे का?" "बीएएमएस होऊन तीन वर्षे झाली, पण पंचकर्म करताना हात कापतो. आता कुणाकडे शिकू?" "मुलगी अमेरिकेत योगशिक्षिका आहे. तिने इथे येऊन शिकावे की तिथेच?"

मागच्या पावसाळ्यात अशीच एक परिचारिका दवाखान्यात आली. भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले प्रमाणपत्र तिने टेबलावर ठेवले. सोनेरी कडा, वर धन्वंतरीचे चित्र, खाली दोन सह्या. त्यासाठी तिने पंचेचाळीस हजार रुपये भरले होते, त्यातले निम्मे भिशीचे. मी विचारले, "ताई, आतापर्यंत बस्ती किती जणांना दिलीत?" ती म्हणाली, "एकालाही नाही. व्हिडिओ पाहिले." प्रमाणपत्रावर संस्थेचा अनुक्रमांक होता, पण कोणत्याही परिषदेचा किंवा विद्यापीठाचा उल्लेख नव्हता.

ती हुशार आहे, कष्टाळू आहे. पैसे भरण्याआधी काय विचारायचे हे तिला कुणी सांगितले नव्हते, एवढेच. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो : आधी काम ठरवा, मग अभ्यासक्रम निवडा. शिकून झाल्यावर तुम्हाला नेमके काय करायचे आहे, यावर बाकी सगळे अवलंबून आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून

खालीलपैकी तुमचे उद्दिष्ट कोणते, ते कागदावर लिहा.

१. रुग्ण तपासून, निदान करून, स्वतःच्या जबाबदारीवर आयुर्वेदाची चिकित्सा द्यायची आहे. यासाठी मान्य पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी दोन्ही लागतात. दुसरा रस्ता नाही.

२. वैद्यांच्या देखरेखीखाली उपचार करायचे आहेत. अभ्यंग, स्वेदन, शिरोधारा, पंचकर्माची तयारी, रुग्णाची देखभाल ही कौशल्ये शिकवणारे तंत्रज्ञ स्तराचे अभ्यासक्रम यासाठी आहेत.

३. आपला मूळ व्यवसाय न सोडता आयुर्वेद समजून घ्यायचा आहे. रुग्ण कोणती औषधे घेतो, आहाराचे कोणते नियम पाळतो, ते कळावे, त्याला योग्य ठिकाणी पाठवता यावे. यासाठी छोटा अभ्यासक्रमही पुरतो, पण त्याने चिकित्सेचा अधिकार मिळत नाही.

बहुतेकांची फसगत होते ती इथेच. उद्दिष्ट पहिले असते आणि पैसे भरले जातात तिसऱ्याचे.

कायदा : निर्णयापुरता

- भारतीय चिकित्सा पद्धतीच्या शिक्षणाचे नियमन २०२१पासून राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग म्हणजे एनसीआयएसएम करतो. त्यासाठीचा कायदा २०२०चा आहे. जुनी केंद्रीय परिषद, म्हणजे सीसीआयएम, आता नाही. एखादी संस्था आजही "सीसीआयएम मान्य" म्हणून जाहिरात करत असेल तर तिथेच सावध व्हा.
- महाराष्ट्रात व्यवसायासाठी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद, म्हणजे एमसीआयएम, हिच्याकडे नोंदणी लागते. त्यामागे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आहे. गोव्यात आणि इतर राज्यांत तिथल्या राज्य नोंदणी मंडळाकडे जावे लागते.
- नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्यास तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. "मी फक्त सल्ला देतो" हा बचाव, औषध आणि मात्रा लिहून दिल्यावर टिकत नाही.
- २०२०च्या कायद्यात पदवीनंतरच्या राष्ट्रीय एक्झिट परीक्षेची तरतूद आहे. तुमच्या तुकडीला ती कधी आणि कशी लागू आहे, हे आयोगाच्या संकेतस्थळावरील परिपत्रकातच पाहा. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका.

तुम्ही कोण आहात, त्यावरून वाट ठरते

तुम्हाला मान्य पदवीच हवी असेल तर

आयुर्वेदाचार्य, म्हणजेच बीएएमएस, हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता असा एकूण साडेपाच वर्षांचा पल्ला आहे. सध्याच्या रचनेत अठरा-अठरा महिन्यांचे तीन व्यावसायिक टप्पे आहेत. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असावे लागते. महाराष्ट्रात राज्य कोट्याची प्रवेशप्रक्रिया राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, राबवतो. अखिल भारतीय कोट्यासाठी आयुष मंत्रालयाची केंद्रीय समुपदेशन समिती आहे.

परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट यांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. तुमच्या पदवीच्या जोरावर बीएएमएसच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन बीएएमएस अस्तित्वातच नाही. दुसरीकडे, नीटसाठी आता वयाची वरची मर्यादा नाही. तिशी ओलांडल्यावरही ही वाट खुली आहे. प्रश्न आहे तो साडेपाच वर्षे घर कसे चालणार याचा. तो हिशेब घरच्यांसोबत बसून आधी मांडा, मग नीटचा अर्ज भरा.

राज्यात वरळीचे पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव अशी शासकीय महाविद्यालये आहेत. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३चे. राज्यातील बहुतेक आयुर्वेद महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. गोव्यात शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि धारगळला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची शाखा २०२२च्या डिसेंबरात सुरू झाली.

तुम्ही बीएएमएस असाल तर

तुमच्याकडे अधिकार आहे, उणीव असते ती सरावाची. पर्याय असे :

- पदव्युत्तर शिक्षण. एमडी म्हणजे आयुर्वेद वाचस्पती आणि एमएस म्हणजे आयुर्वेद धन्वंतरी. मुदत तीन वर्षे, प्रवेश एआयएपीजीईटी या परीक्षेतून. विषय निवडताना "कोणत्या विषयाची जागा मिळाली" यापेक्षा "पुढची वीस वर्षे मी काय करणार" हे विचारा. दवाखाना चालवायचा आहे आणि मिळेल म्हणून रचनाशारीर घेतले, अशी उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. शिकवायची आवड असेल तर तोच विषय उत्तम.
- गुरुशिष्य परंपरेतील शिक्षण. दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ अनुभवी वैद्यांकडे शिष्य पाठवते. त्यांचा सीआरएव्ही अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि शिष्याला विद्यावेतन मिळते. गुरूच्या दवाखान्यात रोज बसायचे, रुग्ण पाहायचे, औषधे बनताना पाहायची. ज्यांचा हात कापतो त्यांना मी आधी हीच वाट सुचवतो.
- विद्यापीठाची फेलोशिप आणि प्रमाणपत्रे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे असे अभ्यासक्रम मान्य केंद्रांतून चालतात. केंद्राची मान्यता चालू वर्षाची आहे का, ते पाहा.
- सार्वजनिक आरोग्यसेवा. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून राज्यातले अनेक बीएएमएस डॉक्टर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी झाले आहेत. गावाकडे काम करायची तयारी असेल तर विचार करण्याजोगा पर्याय आहे.

तुम्ही एमबीबीएस, दंतवैद्य किंवा होमिओपॅथ असाल तर

रोखठोक सांगायचे तर, आयुर्वेदाची औषधे स्वतःच्या अधिकारात लिहून देता येतील असा कोणताही छोटा कोर्स नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये पूनम वर्मा प्रकरणात स्पष्ट केले की आपण ज्या पद्धतीत शिकलो नाही, तिच्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरतो. त्या प्रकरणातला डॉक्टर होमिओपॅथीचा होता आणि त्याने दिलेली औषधे आधुनिक होती. तत्त्व मात्र दोन्ही बाजूंना लागू पडते.

तुमच्यासाठी खरा उपयोग आहे तो समजून घेण्याचा. मधुमेहाच्या गोळ्या घेणारा रुग्ण सोबत कुठला काढा घेतो, रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या माणसाला कोणी काय दिले आहे, हे विचारण्याची भाषा तुमच्याकडे आली तर रुग्णाचा मोठा फायदा होतो. त्यासाठी आयुर्वेद महाविद्यालयाची कार्यशाळा करा आणि गावातल्या एका चांगल्या वैद्याशी रुग्ण पाठवण्याचे नाते जोडा.

तुम्ही परिचारिका, फिजिओथेरपिस्ट किंवा उपचारक असाल तर

तुमच्यासाठी पंचकर्म तंत्रज्ञ हा रास्त मार्ग आहे. कौशल्य विकासाच्या राष्ट्रीय चौकटीत हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने या कामासाठी पात्रता ठरवलेली आहे. केरळात चेरुथुरुथी येथे केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेची पंचकर्म संस्था आहे. तिथे एक वर्षाचा पंचकर्म तंत्रज्ञ अभ्यासक्रम चालतो.

या प्रमाणपत्राने काय करता येते आणि काय नाही, ते आधीच ठरवून घ्या :

- वैद्यांनी लिहून दिलेले अभ्यंग, स्वेदन, शिरोधारा करता येते. पंचकर्माची पूर्वतयारी आणि नंतरची देखभाल करता येते.
- वमन, विरेचन, बस्ती, रक्तमोक्षण ही कर्मे नोंदणीकृत वैद्यांच्या आदेशाने आणि हजेरीतच.
- निदान करता येत नाही, औषध बदलता येत नाही, दारावर "डॉक्टर" किंवा "वैद्य" लावता येत नाही.
- स्वतःचे केंद्र काढायचे असेल तर नोंदणीकृत वैद्य खरोखर रोज बसणारे हवेत. भिंतीवर टांगायला प्रमाणपत्र भाड्याने देणारे मिळतात. प्रकरण अंगाशी आले की दोघेही अडकतात.
- रुग्ण दाखल करून घेणार असाल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो.

परिचारिकांना मी आवर्जून सांगतो : तुमचे मूळ शिक्षण इथे मोठे भांडवल आहे. विरेचनाच्या दिवशी वेग मोजता मोजता रुग्णाची नाडी क्षीण होते आहे, ओठ कोरडे पडले आहेत, हे सर्वांत आधी तुम्हाला दिसते. चांगले वैद्य असा माणूस शोधत असतात.

तुम्ही परदेशात असाल किंवा जाणार असाल तर

अमेरिकेत कोणतेही राज्य आयुर्वेदाचा स्वतंत्र वैद्यकीय परवाना देत नाही. तिथली राष्ट्रीय आयुर्वेदिक वैद्यकीय संघटना, म्हणजे नामा, आरोग्य सल्लागार, प्रॅक्टिशनर आणि आयुर्वेदिक डॉक्टर असे तीन स्तर मानते. पण ती व्यावसायिक संघटनेची मान्यता आहे, सरकारी परवाना नव्हे. पुण्यात शिकलेले वैद्य वसंत लाड यांनी १९८४मध्ये न्यू मेक्सिकोत सुरू केलेल्या संस्थेपासून तिथे आयुर्वेद शिकवणाऱ्या बऱ्याच शाळा निघाल्या. सुरुवातीच्या प्रश्नातल्या योगशिक्षिका मुलीला तिथेच काम करायचे असेल तर तिने तिच्या राज्याचे नियम पाहून तिथल्या स्तराप्रमाणे शिकावे आणि सरावासाठी इथे यावे. दोन आठवड्यांच्या सहलीसोबत मिळणारे प्रमाणपत्र तिच्या उपयोगाचे नाही.

संयुक्त अरब अमिरातीत मात्र आयुर्वेद वैद्यांना सरकारी परवाना मिळतो. तिथे बीएएमएस, नोंदणी, अनुभवाचा दाखला आणि परीक्षा या क्रमाने जावे लागते. अनुभवाचे दाखले पहिल्या नोकरीपासून जपून ठेवा.

संस्था निवडताना : स्वतः जाऊन पाहा

माहितीपुस्तिका सगळ्यांचीच चकचकीत असते. कामाच्या दिवशी, सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास, न सांगता जा आणि बाह्यरुग्ण विभागात तासभर बसा.

१. केसपेपरच्या खिडकीवर खरे रुग्ण आहेत का? औषध मिळण्याच्या खिडकीवर रांग आहे का?

२. आंतररुग्ण विभागात खाटांवर माणसे आहेत की नुसत्या धुतलेल्या चादरी?

३. पंचकर्म विभागात तेलाचा वास येतो का? द्रोणी वापरातली दिसते का? वापरातल्या लाकडावर तेलाचा काळपट पोत चढलेला असतो.

४. रसशाळा आणि वनौषधी उद्यान चालू आहे की तपासणीपुरते?

५. अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारा : "तुम्ही स्वतः किती रुग्णांची माहिती घेतली? किती कर्मे स्वतःच्या हाताने केली?"

६. चालू वर्षाची परवानगी आयोगाच्या संकेतस्थळावर आहे का? परवानगी वर्षागणिक तपासली जाते. मागच्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असे नाही.

हातांनी शिकायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. निरूह बस्ती तयार करताना खलात आधी मध आणि सैंधव घोटायचे. दोन्ही एकजीव झाले की तेल थोडे थोडे घालत घोटत राहायचे. मग वाटलेल्या औषधाचा कल्क आणि शेवटी काढा. हा क्रम ग्रंथात दिलेला आहे आणि पाच मिनिटांत पाठही होतो. पण तेल एकदम ओतले की मिश्रण फुटते, वर तवंग येतो. बत्त्याचा आवाज बदलला की मिश्रण जुळून आले, हे कानाला कळायला पाच-पंचवीस वेळा घोटावे लागते. तयार बस्ती गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करायची, थेट आचेवर ठेवायची नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवायचे, उजवा पाय दुमडायचा. तो लाजलेला असतो, घाबरलेला असतो. त्याच्याशी बोलत बोलत हे सगळे करायचे असते. शिकवणाऱ्याने तुमच्या हातात बत्ता दिलाच नाही, तर तिथे शिकणे झालेच नाही.

ऑनलाइन काय शिकावे, काय नाही

ऑनलाइन शिक्षणाला मी नावे ठेवत नाही. योग्य कामासाठी ते फार उपयोगी आहे.

- चालेल : संहितावाचन, संस्कृत, द्रव्यगुणाची उजळणी, रुग्णवृत्तांची चर्चा, एआयएपीजीईटीची तयारी, संशोधनपद्धती.
- चालणार नाही : नाडीपरीक्षा, पंचकर्म, क्षारसूत्र, अग्निकर्म, जलौका, प्रसूतीविषयक कर्मे.
- पाहून ठरवा : आहार, दिनचर्या, गर्भिणीपरिचर्या यांवरचे छोटे वर्ग. शिकवणारे नोंदणीकृत आहेत का आणि प्रमाणपत्रावर कोणता अधिकार सांगितला आहे, ते पाहा.

आधीच व्यवसायात असलेल्या वैद्यांसाठी आयुष मंत्रालयाच्या योजनेतून निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग होतात. खासगी शिबिरावर पैसे घालवण्याआधी त्यांची चौकशी करा.

फसवणुकीच्या खुणा

- "या प्रमाणपत्रावर आरएमपी नोंदणी मिळते." मिळत नाही. नोंदणी फक्त मान्य पदवीवर मिळते.
- "वैद्य विशारद" किंवा "आयुर्वेदरत्न". प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या या पदव्या एकेकाळी मान्य होत्या, पण १९६७पर्यंतच्याच. त्यानंतरच्या पदवीवर नोंदणी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. तरी हा व्यवहार अधूनमधून डोके वर काढतो. काकांच्या जुन्या प्रमाणपत्राकडे पाहून तुम्ही तसले नवे घेऊ नका.
- "आयएसओ प्रमाणित", "ट्रस्ट कायद्याखाली नोंदणीकृत", "भारत सरकार एमएसएमई मान्य". यांतली एकही शैक्षणिक मान्यता नाही. संस्था म्हणून झालेली नोंदणी आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- "अल्टरनेटिव्ह मेडिसिन"च्या पदव्या. नावात "एमडी" असते आणि कंसात बारीक अक्षरांत बरेच काही. त्यावर आयुर्वेदाचा व्यवसाय करता येत नाही.
- "आज भरलेत तर निम्मी फी." वैद्यक शिकवणारी चांगली संस्था असा बाजार मांडत नाही.
- हजेरीची गरज नाही. काही ठिकाणी हे मोठी सोय म्हणून सांगतात. घरी बसून मिळालेली पदवी रुग्णासमोर उघडी पडते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

शिकल्यानंतरच्या मर्यादा आधीच जाणून घ्या

शस्त्रक्रिया. २०२०च्या नोव्हेंबरमधील अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य या विषयांतील एमएस पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी दिली : ३९ शल्याच्या, १९ शालाक्याच्या. त्यावरून देशभर वाद झाला. बीएएमएस पदवीधरांनी ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की ही यादी प्रशिक्षित पदव्युत्तरांसाठी आहे.

आधुनिक औषधे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या मुख्तियार चंद निकालानुसार वैद्यांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात काही मुभा आहे. राज्य बदलले की ती सोबत येत नाही.

औषधनिर्मिती. नोंदणीकृत वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवून देता येते. तेच औषध बाटलीत भरून दुकानात ठेवायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना हवा.

जाहिरात. १९५४च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा अनेक आजारांवरील उपचारांच्या जाहिरातींना बंदी आहे. "मधुमेह मुळापासून बरा" असा फलक लावायला शिकवणाऱ्या "प्रॅक्टिस वाढवा" शिबिरांपासून दूर राहा.

औषधांची सुरक्षितता. २००४मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. या गोष्टीने आपण चिडू नये, शहाणे व्हावे. रसौषधी वापरायच्या असतील तर त्यांची शुद्धी, मात्रा आणि अवधी शिकवणाराच गुरू धरा. औषधाचा अनिष्ट परिणाम दिसला तर आयुष औषधदक्षता केंद्राला कळवा. त्याचे राष्ट्रीय समन्वय दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. कुठे आणि कसे कळवायचे, हे तुमच्या अभ्यासक्रमात शिकवतात का, हा प्रवेशापूर्वी विचारण्याजोगा प्रश्न आहे.

विद्यार्थी म्हणून तुमचे हक्क

- शुल्क. राज्यातील खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पाहता येते. त्याहून जास्त मागणे म्हणजे देणगी, आणि त्यावर १९८७पासून कायद्याने बंदी आहे. प्रत्येक रकमेची पावती घ्या.
- विद्यावेतन. आंतरवासितेचे विद्यावेतन किती, कधी आणि बँकेत जमा होणार का, हे प्रवेशाच्या वेळी लेखी विचारा. खात्यात जमा करून रोखीने परत मागितले जात असेल तर तक्रार करा.
- रॅगिंग. राज्यात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.
- माहिती. शासकीय महाविद्यालय, विद्यापीठ आणि परिषद यांच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस.
- खोटी जाहिरात. "सरकारमान्य" म्हणून पैसे घेणाऱ्या खासगी संस्थेविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वापरता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जाहिरातीचे छायाचित्र, पावती आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी हे आठ प्रश्न लेखी विचारा

१. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? परवानगी-पत्राचा क्रमांक आणि वर्ष?

२. प्रमाणपत्र कोण देणार : विद्यापीठ, कौशल्य परिषद की संस्था स्वतः?

३. यावर कोणत्या परिषदेची नोंदणी होते? होत नसेल तर तसे लिहून द्याल का?

४. प्रत्यक्ष सरावाचे तास किती आणि कोणत्या रुग्णालयात?

५. शिकवणाऱ्यांचे नोंदणी क्रमांक?

६. मी स्वतःच्या हाताने कोणती कर्मे किती वेळा करेन? त्याची नोंदवही मिळेल का?

७. एकूण शुल्क किती? मधेच सोडल्यास परतावा किती?

८. मागच्या तुकडीतील दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का?

फोनवर गोड बोलणारे अनेकदा लेखी उत्तर टाळतात. मग तुमचा निर्णय झाला असे समजा.

त्या परिचारिकेने हेच प्रश्न आधीच्या संस्थेला लिहून पाठवले. पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर आले नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर काही रक्कम परत मिळाली, सगळी नाही. स्वतःचे केंद्र काढायचा विचार तिने तूर्त बाजूला ठेवला आणि पंचकर्म तंत्रज्ञाच्या मान्य अभ्यासक्रमाला अर्ज केला. प्रवेश मिळेपर्यंत ती आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे येते. परवा तिने बस्तीचे मिश्रण घोटले. पहिल्यांदा फुटले, दुसऱ्यांदाही फुटले. तिसऱ्यांदा बत्ता फिरता फिरता आवाज जड झाला, तशी ती थांबली आणि म्हणाली, "आता जुळलं ना?" मी खलात पाहिले. तवंग नव्हता.